सामाईक सातबारा आणि मध्यस्थाची खोली

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या गावचा सातबारा उतारा वाचायला घेतला, की क्षेत्रापेक्षा नावेच जास्त भरतात. जमीन दीड-दोन एकर, त्यातला अर्धा कातळ. खातेदार मात्र पानभर. त्यांतले निम्मे मुंबईत, काही पुण्यात, एखादा आखातात. काही जण केव्हाच वारले, पण वारसनोंद झालेली नाही. आंब्याची कलमे धाकट्या चुलत्याने लावली, घर थोरल्याने दुरुस्त केले, विहीर आजोबांची, आणि गडग्याच्या कडेने बागेत उतरणारी पाखाडी नक्की कोणाची हे कोणालाच नीट सांगता येत नाही. हापूसला भाव आला, रस्ता चौपदरी झाला, कोणी मुंबईकर गिऱ्हाईक येऊन बागायत बघून गेले, की इतकी वर्षे निपचित पडलेली सामाईक जमीन जागी होते. मग मनाईचा दावा, वहिवाटीचा दावा आणि सरतेशेवटी वाटपाचा दावा.

वाटपाचा दावा जिंकला म्हणजे जमीन ताब्यात आली, असे ज्याला वाटते त्याला कोर्टाचा अनुभव कमी आहे. दिवाणी न्यायालय आधी कोणाचा किती हिस्सा ते ठरवते. हा प्राथमिक हुकूमनामा. शेतसारा लागू असलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडणे हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचे काम. म्हणजे कागद तिकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेखाकडे. मोजणीची फी, मोजणीची तारीख, मोजणीला हरकत. तोवर मूळ वादी गेलेला असतो आणि त्याचे वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज पडतो. शिवाय न्यायाधीश हिस्सा सांगतात तो अपूर्णांकात : अमक्याला एक-षष्ठांश, तमक्याला एक-द्वादशांश. खालची कलमे तुझी, वरचे घर माझे, विहिरीचे पाणी दोघांचे, आणि चतुर्थीला देवघराची खोली सर्वांना उघडी, असा जगण्यातला हिशेब निकालपत्रात सहसा उतरत नाही.

कोर्टातल्या मध्यस्थीची जागा नेमकी इथे आहे. दावा चालू असताना न्यायाधीश तो काही काळापुरता बाजूला ठेवतात आणि दोन्ही पक्षांना प्रशिक्षित मध्यस्थाकडे पाठवतात. मध्यस्थ निकाल देत नाही. तो ऐकतो, विचारतो, एकेकाला वेगळे भेटतो आणि तोडगा दोघांनाच काढू देतो. जमले तर तडजोडनामा कोर्टात येतो आणि न्यायाधीश त्यावर हुकूमनामा करतात. नाही जमले तर दावा होता तिथून पुढे सुरू. लवादाशी याची गल्लत होते; पण लवाद ऐकून घेऊन निवाडा देतो आणि तो मानावा लागतो. लोकअदालतीशीही गल्लत होते. राष्ट्रीय लोकअदालत ठरलेल्या दिवशी भरते, एका दिवसात शेकडो प्रकरणे पॅनेलपुढे येतात. चेकचा दावा, बँकेची थकबाकी, वाहनाचा दंड तिथे पटापट निघतात. तीन पिढ्यांची भावकी मात्र एका दुपारी निघत नाही. तिला चार-पाच बैठका लागतात आणि दरवाजा बंद असलेली खोली लागते.

कायद्याने हा दरवाजा उघडला त्याला आता दोन तपे होऊन गेली. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ८९ नव्याने घालणारी दुरुस्ती १९९९ ची. ती अमलात आली १ जुलै २००२ पासून. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००५ मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि नियमांचा नमुना तयार करून घेतला. त्या धर्तीवर मुंबई उच्च न्यायालयाचे मध्यस्थीचे नियम २००६ मध्ये आले. कलम ८९ ची एक गंमत आहे. ते लिहिताना 'मध्यस्थी' आणि 'न्यायालयीन तडजोड' या दोहोंच्या व्याख्यांची चक्क अदलाबदल झाली होती. संसदेतून कायदा पार पडला, राष्ट्रपतींची सही झाली, तरी कायद्यात चूक तशीच. ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की या २०१० च्या निकालात न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी ती उलगडून दाखवली आणि दोन्ही व्याख्या एकमेकींच्या जागी वाचाव्यात असे सांगितले.

त्याच निकालाने खालच्या कोर्टांना कामाची गोष्ट दिली : कोणता दावा पाठवायचा आणि कोणता नाही. वाटप, शेजाऱ्यांचे तंटे, वहिवाट, घरमालक-भाडेकरू, नवरा-बायको, व्यापारातली देणी, अपघाताची नुकसानभरपाई हे पाठवण्याजोगे. गंभीर फसवणुकीचा किंवा बनावट दस्ताचा आरोप असलेले, निवडणुकीचे, अनेकांच्या वतीने लढलेले आणि अज्ञान मुले, मनोरुग्ण किंवा देवता यांच्याविरुद्धचे दावे नकोत, कारण त्यांना कोर्टाचे संरक्षण लागते. देवतांचा उल्लेख वाचून कोकणातल्या वकिलाच्या भुवया उंचावतात. इथे देवस्थानच्या जमिनी आहेत, शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचणार याचे मान आहेत आणि त्या मानांवरून होणारे तंटे आहेत. अशा प्रकरणात देवाच्या वतीने तडजोडीवर सही करायची कोणी, हा प्रश्न चेष्टेचा नाही.

आता एक दावा जवळून पाहू. तो कोणा एकाचा नाही. अशा दाव्यांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मांडलेला नमुना आहे. थोरला भाऊ डोंबिवलीत, निवृत्त. धाकटा गावात, बाग त्याच्या हाताखाली. बहीण चिपळूणला दिलेली. थोरल्याने वाटपाचा दावा लावला, निशाणी ५ च्या अर्जाने तात्पुरती मनाई मागितली, धाकट्याने 'बाग मी उभी केली' असा बचाव घेतला. बहीण प्रतिवादी क्रमांक दोन. तिचे म्हणणे अजून दाखलच नाही.

पहिल्या बैठकीत सगळे समोरासमोर. मध्यस्थ आधी नियम सांगतो : इथे बोललेले इथेच राहील, न्यायाधीशांना फक्त मिटले की नाही एवढेच कळेल, कोणीही केव्हाही उठून जाऊ शकतो. मग थोरला बोलतो, आणि तो जमिनीबद्दल बोलतच नाही. आईच्या आजारपणात पैसे कोणी पाठवले, वर्षश्राद्धाला आपल्याला उशिरा कळवले, मे महिन्यात मुलांना घेऊन गेलो तर माडीची खोली कुलूपबंद होती. धाकटा उसळतो. वकील त्याच्या कोपराला हात लावतो. कोर्टाच्या भाषेत यातले काहीच संबद्ध नाही आणि उलटतपासणीत यातला एकही प्रश्न चालणार नाही. मध्यस्थ ते सगळे वाहू देतो.

दुसऱ्या टप्प्यात तो एकेकाला आत घेतो. धाकटा खालच्या आवाजात सांगतो की हिस्सा द्यायला त्याची ना नाही. भीती एवढीच, की दादा आपला तुकडा बाहेरच्याला विकेल आणि परका माणूस बागेच्या मधोमध येऊन बसेल. थोरला सांगतो, त्याला विकायचेच नाही. त्याला गावात स्वतःच्या नावाची एक खोली आणि चतुर्थीला हक्काने यायला जागा हवी. दोघांच्या मागण्या आमनेसामने होत्या, गरजा मात्र एकमेकींना छेद देत नव्हत्या. आता मध्यस्थाचे काम सुरू होते : घर आणि अंगण कोणाकडे, कलमांचे उत्पन्न किती वर्षे कसे वाटायचे, विकायची वेळ आली तर आधी भावाला विचारायचे आणि किंमत कशी ठरवायची.

आणि बहीण? तिला बहुतेक वेळा 'तू काय, सही करून टाक' असे घरातच सांगितलेले असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायकाचा हक्क दिला. विनीता शर्मा प्रकरणातल्या २०२० च्या निकालाने वडील केव्हा वारले हा वादही संपवला. तरीही कोकणात हक्कसोडपत्र हा माहेरपणाचा जणू कर समजला जातो. चांगला मध्यस्थ बहिणीला एकटीला भेटतो, तिचा हिस्सा किती ते तिला कळले आहे ना याची खात्री करतो, आणि ती सोडत असेल तर समजून सोडते आहे ना हे पाहतो. वाईट मध्यस्थ तिची सही घेऊन दावा निकाली काढतो. कागदावर दोन्ही प्रकरणे 'यशस्वी' म्हणूनच मोजली जातात.

तडजोड झाल्यावरही कागदाचे काम कमी नाही. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. आखातातल्या पुतण्याचे कुलमुखत्यारपत्र हवे. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येणार नाही असे तुकडे हवेत. दाव्यातल्याच मिळकतीबद्दलच्या तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही, पण दाव्याबाहेरचा एखादा सर्व्हे नंबर तडजोडीत ओढला तर नोंदणी कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते. ही गोष्ट मध्यस्थाला ठाऊक नसेल तर पुढे फेरफार अडतो आणि भाऊ पुन्हा त्याच कोर्टाच्या पायऱ्या चढतात. हाताने काढलेला का होईना, चतुःसीमा दाखवणारा नकाशा तडजोडनाम्याला जोडलेला बरा.

आता हे सारे एका जिल्ह्यात उभे कसे करायचे? फलक लावून आणि खोलीला रंग देऊन केंद्र सुरू होते, चालत नाही. पहिला खांब न्यायाधीश, म्हणजे दावा पाठवणारे. ॲफकॉन्स निकालाने वेळही सांगितली आहे : साधारण दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंची कैफियत आली की, मुद्दे काढण्याआधी, कौटुंबिक वादात तर समन्स बजावल्यावर लगेच, आरोप-प्रत्यारोपांची कैफियत लिहिली जाण्याआधी. प्रत्यक्षात उलटे घडते. दहा वर्षे जुना, पुरावा संपलेला, दोन्ही पक्षांनी भरपूर पैसे घातलेला दावा 'बघा जमतंय का' म्हणून मध्यस्थीला ढकलला जातो. तोवर भावाभावांतले बोलणे थांबलेले असते, आणि जमले नाही की दोष मध्यस्थीच्या माथी येतो. तेव्हा पहिले प्रशिक्षण मध्यस्थाचे नव्हे, न्यायाधीशांचे. भारतात ते स्वतंत्रपणे दिले जाते, आणि तेच बहुधा सर्वात घाईने उरकले जाते.

दुसरा खांब वकील. वकिलांना मध्यस्थी म्हणजे पोटावर पाय वाटतो, असे सर्रास बोलले जाते. त्यात थोडे तथ्य आहे आणि बराच आळस. तालुक्याच्या कोर्टातला वकील तारखेला फी घेतो. बारा तारखांचा दावा दोन बैठकांत मिटला तर त्याचे नुकसान होणारच. यावर उपाय सरळ आहे : मध्यस्थीतल्या कामाची फी पक्षकाराशी आधी वेगळी ठरवावी आणि बार असोसिएशनने ती प्रतिष्ठेची मानावी. भारतातली टिकलेली केंद्रे पाहा. अहमदाबादेत २००२ मध्ये वकिलांनीच केंद्र काढले. चेन्नईत ९ एप्रिल २००५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात न्यायालयाशी जोडलेले देशातले पहिले केंद्र सुरू झाले, त्यामागे ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांचा मोठा हात होता. बंगळुरूचे केंद्र २००७ चे. तिथेही मध्यस्थ म्हणून वकीलच पुढे. जिथे वकिलाला प्रशिक्षण, मान आणि मानधन मिळाले तिथे बार आडवा आला नाही. दिल्लीत तीस हजारी कोर्टात २००५ मध्ये सुरुवात झाली ती न्यायाधीश-मध्यस्थांपासून. वकील नंतर आले. दोन्ही वाटा चालल्या. पण छोट्या जिल्ह्यात न्यायाधीशालाच मध्यस्थ नेमले, की पक्षकार जपून बोलतो. 'साहेब' शेवटी साहेबच.

तिसरा खांब मध्यस्थ. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीने, म्हणजे २००५ मध्ये सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या काळात नेमलेल्या समितीने, ४० तासांचे प्रशिक्षण ठरवून दिले. चाळीस तासांत माणूस ऐकायला शिकतो की नाही हा भाग वेगळा, पण निदान मध्येच बोलायचे नाही एवढे कळते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी अडचण निराळी आहे. तालुक्याच्या बारमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. मध्यस्थ वकील प्रतिवादीच्या वकिलाबरोबर रोज चहा पितो आणि वादीच्या चुलत भावाच्या दुसऱ्या दाव्यात वकीलपत्र त्याचेच असते. अशा वेळी गुप्ततेची हमी तोंडी देऊन भागत नाही. लांज्याच्या दाव्याला चिपळूणचा मध्यस्थ, दापोलीच्या दाव्याला रत्नागिरीचा, अशी अदलाबदल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने केली तर खर्च वाढेल तो फक्त एसटीच्या तिकिटाचा. गुप्ततेबद्दल सर्वोच्च न्यायालय कडक आहे. मोतीराम विरुद्ध अशोककुमार या २०१० च्या प्रकरणात त्याने बजावले, की मध्यस्थी फसली तर मध्यस्थाने कोर्टाला 'फसली' एवढेच कळवायचे. कोणी काय देऊ केले होते हे नाही.

मराठी मुलुखाला हा प्रकार परका नाही. गोतसभा आणि पंचायती तर होत्याच. पण इंग्रजी कोर्टे रुळल्यावरही हा विचार पुन्हा पुन्हा वर आला. पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, १८७० च्या दशकात लवाद कोर्ट चालवून पाहिले. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी सावकाराने सरकारने नेमलेल्या सलोखेकाराकडे जाऊन त्याचा दाखला आणायचा, अशी त्यात तरतूद होती. व्यापारी दाव्यांत आज हेच आहे : २०१८ मध्ये वाणिज्यिक न्यायालय कायद्यात कलम १२-अ आले आणि पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दाव्यापूर्वीची ही मध्यस्थी सक्तीची ठरवली, तातडीची दाद मागायची असेल तेवढी सूट. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण पुन्हा दाखला आणायला निघालो. सक्तीने माणूस मध्यस्थाच्या दारापर्यंत नेता येतो. आत तो मनापासून बसला नाही तर दाखला ही आणखी एक औपचारिकता ठरते.

गावकीचा इतिहास अधिक अडचणीचा आहे. गावकीने तंटे मिटवले हे खरे, आणि गावकीने माणसे वाळीत टाकली हेही खरे. विहिरीवर पाणी नाही, लग्नाला माणूस नाही, दुकानात सामान नाही. कोकणातून, विशेषतः रायगडमधून, अशा तक्रारी इतक्या आल्या की महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारे हे पहिले राज्य. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही गावकीच्या चांगल्या बाजूला सरकारी चौकट देण्याचा प्रयत्न होता. गावोगाव समित्या बसल्या, मिटलेल्या तंट्यांची नोंद झाली, बक्षिसे वाटली गेली. बक्षीस तंटे मिटवण्याचे असले की तंटे 'मिटतात'. कोण दबून गप्प बसला याचा रकाना फॉर्ममध्ये नसतो. कोर्टातल्या मध्यस्थाच्या खोलीतून उठून जाता येते. गावकीच्या बैठकीतून उठून जाणाऱ्याला गावातच राहायचे असते. म्हणून जुन्या पंचायतीचे गोडवे गाऊन नवी केंद्रे चालवण्याची कल्पना फसवी वाटते. सोय जुनी असली तरी स्वेच्छेची हमी नवीन आहे आणि ती कोर्टामुळेच आहे.

हीच शंका आकड्यांच्या मोहिमांबद्दल घ्यावी लागते. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीने देशभर, तालुका कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत, 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' ही नव्वद दिवसांची मोहीम राबवली. वाटप, अपघात, वैवाहिक वाद, चेक, ग्राहक तक्रारी, भूसंपादन अशी प्रकरणे शोधून मध्यस्थांकडे पाठवली गेली. लोकांना मध्यस्थी नावाची काही चीज आहे हे कळायला अशी मोहीम उपयोगी पडते. पण केंद्र चालते ते मोहिमेनंतरच्या चौथ्या महिन्यात, जेव्हा उत्साही न्यायाधीशांची बदली झालेली असते, मानधनाचे बिल अडकलेले असते आणि खोलीत जुन्या फायलींचे गठ्ठे येऊन बसतात. या तीन गोष्टींवरच बहुतेक केंद्रे आटतात. न्यायाधीश तीन वर्षांनी जाणार हे ठरलेले आहे. तेव्हा कोणता दावा केव्हा पाठवला, किती बैठका झाल्या, तडजोड वर्षभर टिकली की अंमलबजावणीची दरखास्त पडली, हे लिहून ठेवणारा कायमचा कारकून एखाद्या भाषणापेक्षा जास्त मोलाचा.

रत्नागिरीच्या वाट्याला एक खास अडचण येते : पक्षकार मुंबईत. तारखेसाठी रजा, रात्रीची गाडी, आणि कोर्टात गेल्यावर कळते की साहेब रजेवर. हाच चाकरमानी वर्षातून तीनदा स्वखुशीने गावी येतो : शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. यातला मे म्हणजे कोर्टाची उन्हाळी सुट्टी! सगळे भाऊ एका घरात असतात आणि कोर्ट तेवढे बंद. मध्यस्थीला न्यायासनाची गरज नसते. एक खोली, चार खुर्च्या आणि मध्यस्थ पुरतो. सुट्टीतल्या दोन आठवड्यांत आणि गौरी-गणपतीच्या आगेमागे बैठका ठेवल्या, तर रत्नागिरीचे केंद्र राज्यातल्या कोणत्याही केंद्रापेक्षा वेगळे ठरेल. बाकीच्या बैठका व्हिडिओवर. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने ऑनलाइन मध्यस्थीला मान्यता दिली आहे, मध्यस्थीला १२० दिवसांची मुदत आणि संमतीने आणखी ६० दिवस ठेवले आहेत. पण ९ ऑक्टोबर २०२३ ला या कायद्याची मोजकीच कलमे अमलात आली, मुख्यतः मध्यस्थी परिषदेसंबंधीची.

जिल्ह्याचा दुसरा खास विषय म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरणात सामाईक जमिनी गेल्या. मोबदला कोणाला किती यावर सहहिस्सेदार भांडले, की राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-एच प्रमाणे सक्षम प्राधिकारी तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. वाद सरकारशी नाही, भावकीत आहे. पैसे जमा आहेत, निर्णय कोणालाच घेता येत नाही. मध्यस्थीसाठी याहून सोपे प्रकरण शोधून सापडणार नाही.

२०२५ साल जिल्ह्याच्या कोर्टांसाठी मोठे ठरले. १८ ऑगस्टपासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गची अपिले घाटाच्या वाटेने तिकडे जाऊ लागली. १२ ऑक्टोबरला मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी केले. कोर्ट जवळ आले ही मोठी सोय. मात्र अपील जवळ आले की 'हायकोर्टात बघून घेईन' ही धमकीही स्वस्त होते. तेव्हा नव्या इमारतीत मध्यस्थीला खिडकी असलेली, कुलूप लागणारी, वेगळ्या दाराची खोली मिळाली का, हे पहिल्या वर्षीच पाहिले पाहिजे. बायकोला मारहाणीची तक्रार असेल तर नवऱ्यासमोरच्या बाकावर तिला तासभर ताटकळत ठेवणारी मध्यस्थी न केलेलीच बरी. के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवायला सांगितले, ते बाईला गप्प बसवण्यासाठी नव्हे.

ज्यांचा दावा जिल्ह्यातल्या कोर्टात पडून आहे त्यांना मध्यस्थीसाठी न्यायाधीशांनी आपणहून विचारण्याची वाट पाहावी लागत नाही; आपल्या वकिलामार्फत अर्ज देता येतो. दावा लावलाच नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात दावापूर्व अर्ज करता येतो, तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समितीकडे. प्राधिकरणाच्या केंद्रात पक्षकाराला मध्यस्थाची फी पडत नाही. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसांची यादी आणि जुन्या वाटपाचा एखादा कागद असेल तर तो न्यावा. आणि ज्याच्या सहीशिवाय तडजोड पुरी होणार नाही त्या भावाला किंवा बहिणीला, बोलणे बंद असले तरी, आधी एक फोन करावा. विधी सेवा प्राधिकरणाचा देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे.